विश्लेषण : शाळा गावाची, सत्ता कोणाची? गोखल्यांच्या फेटाळलेल्या विधेयकाची कहाणी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींचा नियुक्ती आदेश जिल्हा परिषद काढते. त्यांच्या पगाराचा पैसा राज्य सरकारकडून येतो. पोषण आहार आणि समग्र शिक्षा योजनेच्या खर्चात केंद्राचा वाटा असतो. शाळा व्यवस्थापन समितीत गावातले पालक बसतात. शाळा एकच, पण तिचे धनी चार. त्यामुळे वर्गखोलीचे छप्पर गळू लागले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. निर्णय कोणी घ्यायचा, पैसा कोणी द्यायचा आणि देखरेख कोणी करायची, हा प्रश्न आजचा नाही. १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले, तेव्हा याच तीन गोष्टींची वाटणी त्यांनी कलमांमध्ये बसवली होती. ते विधेयक वर्षभरात फेटाळले गेले. मात्र त्या वादाने उभे केलेले प्रश्न अजून संपलेले नाहीत.

गोखल्यांचे शिक्षण कसे झाले?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ लहान असतानाच वडील वारले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर आला. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागलमध्ये महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे घर चालत असे. एक मूल शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडायची, हा हिशेब गोखल्यांनी असा स्वतःच्या घरातच पाहिला होता.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्यानंतर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याला महिना ७५ रुपये वेतन मिळे. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी १९०२ पर्यंत गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांमध्ये बरीच वर्षे वापरले गेले. संस्थेसाठी वर्गणी मागत फिरण्याचे कामही त्यांनी केले. शाळा चालवायला काय लागते, हे त्यांना भाषणापुरते नव्हे, तर जमाखर्चाच्या वहीतून ठाऊक होते. सार्वजनिक कामाचे धडे त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मिळाले. आकडे तपासल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय त्याच तालमीतली.

शाळा स्थानिक संस्थांकडे कधी आल्या?

१८८२ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे आहे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी त्या वर्षी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. गावाच्या आणि शहराच्या गरजांचा कारभार तिथल्या लोकांच्या मंडळांकडे सोपवावा, अशी त्याची दिशा होती. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि म्युनिसिपालिट्यांकडे देण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. मात्र या मंडळांत सरकारनियुक्त सदस्य मोठ्या संख्येने असत आणि जिल्हा बोर्डाची सूत्रे कलेक्टरच्या हाती राहत. अभ्यासक्रम, तपासणी आणि अनुदान शिक्षण खात्याकडेच राहिले.

हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेले निवेदन इथे लक्षात घ्यावे लागते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली होती. पण शाळांच्या ताब्याबाबत त्यांचे मत वेगळे होते. मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनी शाळांचा खर्च उचलावा, मात्र कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याचीच असावी, असे त्यांनी सांगितले. कारण उघड होते. स्थानिक मंडळांवर वरच्या जातींचे आणि धनिकांचे वर्चस्व होते. महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू दिले जात नव्हते. गावाच्या हाती शाळा देणे म्हणजे गावातल्या बलवानांच्या हाती देणे ठरेल, ही भीती त्यामागे होती. स्थानिक कारभाराच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला या आक्षेपाचे उत्तर आजही द्यावे लागते.

वरून चालणाऱ्या कारभाराचा गोखल्यांचा अनुभव काय होता?

१८९७ मध्ये भारतीय खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. तेव्हा ते अवघे ३० वर्षांचे होते. लष्करी खर्चाबरोबरच केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशांच्या वाटणीवर त्यांनी बोट ठेवले. प्रांतांना ठरावीक मुदतीच्या करारावर उत्पन्नाचा वाटा मिळत असे. प्रांताने काटकसर करून शिल्लक टाकली किंवा उत्पन्न वाढले, तर करार नव्याने ठरवताना भारत सरकार वाढीव भाग स्वतःकडे ओढून घेई. अशा व्यवस्थेत शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी लांबचे नियोजन कोण करणार? वरच्याने पैसा राखून ठेवायचा आणि खालच्याने जबाबदारी वाहायची, हा दोष त्यांनी तिथेच हेरला.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेग निवारणासाठी सरकारने वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती नेमली. घरझडतीला गोरे सोजीर लावले गेले. लोकांचा विश्वास न घेता राबवलेल्या आरोग्यसेवेचे काय होते, ते शहराने पाहिले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. सैनिकांच्या अत्याचारांबद्दल पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी इंग्लंडमध्ये आरोप केले. परत आल्यावर पुरावा देण्यासाठी कोणीही पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड न करता त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीवरून त्यांच्यावर चौफेर टीका झाली. पुढे त्यांनी प्लेगग्रस्तांसाठी स्वयंसेवक म्हणून काम केले.

१९०२ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत असताना शिक्षण आणि आरोग्य उपाशी राहते, हा त्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांचा कायमचा मुद्दा होता. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्यालाही त्यांनी विरोध केला. विद्यापीठांचा दर्जा सुधारण्याच्या नावाखाली कारभार सरकारनियुक्त सदस्यांच्या हाती जाईल, हा त्यांचा आक्षेप होता. याच दशकात ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. पाणी, गटारे, शाळा आणि करवसुली यांचा रोजचा व्यवहार त्यांनी तिथे सांभाळला. १९०८ मध्ये विकेंद्रीकरण आयोगापुढे त्यांनी आपला आराखडाच ठेवला. तळाला ग्रामपंचायती, मध्ये जिल्हा मंडळे आणि वर सुधारित प्रांतिक कायदेमंडळे, अशी ती रचना होती.

१९११ चे विधेयक नेमके काय होते?

मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत आणि सक्तीचे करण्याचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले. पण सक्तीबाबत पुढे काही हालचाल दिसेना. अखेर १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक सादर केले. १९११ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण अवघे सहा टक्क्यांच्या आसपास होते.

विधेयकाचा नमुना इंग्लंडच्या १८७० आणि १८७६ च्या शिक्षण कायद्यांवरून घेतला होता. तिथेही आधी शाळा मंडळांना सक्ती करण्याची मुभा दिली गेली आणि देशभर सक्ती नंतर आली. गोखल्यांचे विधेयक असेच मुभा देणारे होते. ते लागू झाले म्हणून दुसऱ्या दिवशी कोणत्याही गावात सक्ती आली नसती. त्यासाठी क्रमाने पुढील गोष्टी घडाव्या लागणार होत्या.

पहिली, त्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण भारत सरकारने ठरवलेल्या किमान टक्केवारीपर्यंत पोहोचलेले असावे. ही मर्यादा ३३ टक्के असावी, अशी गोखल्यांची सूचना होती. म्हणजे शाळा आणि शिक्षक यांची किमान सोय आहे तिथेच सक्ती येणार होती.

दुसरी, नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने स्वतः सक्तीचा निर्णय घ्यावा. सुरुवात ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांपासून होणार होती. मुलींना पुढे त्यात आणता येईल, अशी तरतूद होती.

तिसरी, त्या निर्णयाला प्रांतिक सरकारची मंजुरी मिळावी.

पैशाचा भाग सर्वांत महत्त्वाचा होता. स्थानिक संस्थेला मंजुरी घेऊन शिक्षण उपकर लावता येणार होता. मात्र सगळा बोजा तिच्यावर पडू नये म्हणून खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावेत, असे गोखल्यांनी सुचवले. महिना १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांकडून फी घ्यायची नव्हती. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता, पण योग्य कारण असल्यास सूटही होती.

थोडक्यात, किमान निकष केंद्राचा, मंजुरी प्रांताची, निर्णय आणि अंमलबजावणी स्थानिक संस्थेची, आणि पैसा सरकार व स्थानिक संस्था दोघांचा. वरवर पाहता हे एकाच दाराला लावलेल्या तीन कुलपांसारखे वाटते. पण परक्या सरकारच्या काळात सक्तीचा कायदा पुढे न्यायचा, तर तो शक्य तितका सौम्य ठेवावा लागेल, असा गोखल्यांचा अंदाज होता. शिवाय सक्तीचा निर्णय दिल्ली-कलकत्त्याहून न येता लोकांच्या जवळच्या मंडळाकडून आला, तर लोक ती मान्य करतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

असा प्रयोग भारतात आधी झाला नव्हता, असेही नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. त्यात मुलीही होत्या.

विरोध कोणी केला आणि का?

विधेयक मतांसाठी प्रांतांकडे पाठवले गेले. प्रांतिक सरकारांचा सूर बहुतांशी प्रतिकूल होता. लोकांची मागणीच नाही, ऐच्छिक शाळांचा विस्तार अजून पुरेसा झालेला नाही, शेतीच्या हंगामात मुले कामाला लागतात, पालकांवर दंड बसवला तर असंतोष वाढेल, अशी कारणे पुढे आली. बडोद्याच्या दाखल्यावर उत्तर असे होते की, संस्थानिकाचा हुकूम लोक पाळतात, पण ब्रिटिश सरकारने तशी सक्ती केली तर वेगळाच अर्थ निघेल.

पैशाबाबतचा युक्तिवाद अधिक गुंतागुंतीचा होता. स्थानिक संस्था नवा कर लावायला तयार नाहीत, म्हणून प्रांत नकार देत होते. प्रांतांकडे पैसा नाही आणि ते प्रतिकूल आहेत, म्हणून भारत सरकार नकार देत होते. सरकार दोन तृतीयांश देईल याची खात्री नाही, म्हणून स्थानिक संस्था कर लावायला धजत नव्हत्या. प्रत्येक पायरी दुसरीच्या नकारावर उभी होती.

विरोधात काही हिंदी सदस्यही होते. शेतमजुरांची मुले शाळेत गेली तर मजूर कुठून मिळणार, ही चिंता जमीनदार वर्गात होती. शाळेत कोणती भाषा शिकवली जाईल, याविषयी मुस्लिम समाजातील काहींना शंका होती. दुसरीकडे मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जीना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला.

विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, या प्रस्तावावर मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. मतविभागणीत बाजूने १३ आणि विरोधात ३८ मते पडली. केंद्रीय कायदेमंडळात तेव्हा सरकारी सदस्यांचे बहुमत होते. त्यामुळे निकाल आधीच ठरल्यासारखा होता आणि गोखल्यांनाही तो अनपेक्षित नव्हता. त्याआधी डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा झाली होती. १९१३ च्या शैक्षणिक धोरणात सरकारने शाळा वाढवण्याचे मान्य केले, पण सक्ती मात्र नाकारली. म्हणजे पैसा किती आणि कधी द्यायचा, ही सत्ता वरच राहिली. तो मागण्याचा हक्क खाली आला नाही.

गोखल्यांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९१२ मध्ये ते गांधीजींच्या निमंत्रणावरून दक्षिण आफ्रिकेला गेले. त्यानंतर सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी मधुमेह आणि थकवा अंगावर काढत काम केले. १९१५ च्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी राजकीय सुधारणांचा एक छोटा मसुदा तयार केला. त्यात प्रांतांना स्वायत्तता आणि त्याखाली गावपंचायती, तालुका बोर्डे व नगरपालिका यांची रचना होती. सत्ता कलकत्ता-दिल्लीहून मुंबईला आली एवढ्याने भागणार नाही, ती मुंबईहून गावापर्यंतही पोहोचली पाहिजे, हा त्याचा अर्थ. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. हा मसुदा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या पश्चात सक्तीचे शिक्षण कसे आले?

तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील असा हा पहिला कायदा होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा निर्णय घेतला होता.

१९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे आला. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते गोखल्यांचे अनुयायी आणि फर्ग्युसनचे माजी प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे. त्यांच्या काळातील १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्था आणि त्यांच्या शाळा मंडळांकडे गेला. हे पाऊल गोखल्यांच्या विधेयकापेक्षाही पुढचे होते.

मग लंबक उलट फिरला. १९२९ च्या हारटॉग समितीने दोन्हीकडचे दोष दाखवले. भारत सरकारने शिक्षणातून अंग काढून घेणे चूक होते आणि प्रांतांनी स्थानिक संस्थांना अधिकार देताना पुरेशी देखरेख ठेवली नाही, हीदेखील चूकच होती. शाळा मंडळांत बदल्या आणि नेमणुकांचे राजकारण शिरल्याच्या तक्रारी होत्या. १९३८ मध्ये मुंबई सरकारने तपासणी आणि प्रशासकीय अधिकाऱ्यांवरील नियंत्रण पुन्हा आपल्याकडे घेतले. फुल्यांनी १८८२ मध्येच देखरेख सोडू नका असे सांगितले होते, त्याची इथे आठवण होते.

पुढचे टप्पे अनेकांना माहीत आहेत. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात स्थानिक प्राधिकरणावर कर्तव्ये आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी अट आहे.

या कहाणीतून आज काय घ्यावे?

केंद्र की स्थानिक संस्था, असा सरळ सामना गोखल्यांनी मांडला नव्हता. कोणते काम कोणाचे, हे आधी लिहून काढावे आणि ज्याच्यावर काम सोपवले त्याच्या हाती त्यासाठीचा पैसाही द्यावा, एवढे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांची अट त्याला जोडली की हिशेब पूर्ण होतो. गावाने शाळा चालवावी, पण गावातल्या शेवटच्या मुलाला दाराबाहेर ठेवले तर विचारणारा कोणीतरी गावाबाहेरचाही असावा.

आज सक्ती कायद्यात आहे. मुलींचा समावेश आहे. फी माफ आहे. १९११ च्या विधेयकापेक्षा आजचा कायदा सर्व बाजूंनी मोठा आहे. त्या विधेयकातला एकच भाग अजून अपुरा आहे. समग्र शिक्षेत केंद्र आणि महाराष्ट्र यांचा वाटा ६०:४० असा ठरलेला आहे. पण जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीला शाळेसाठी स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असा खात्रीचा पैसा फार थोडा असतो. बहुतेक निधी योजनेच्या शीर्षाखाली, अटींसह वरून येतो. त्यामुळे गळके छप्पर पालक समितीला सर्वांत आधी दिसते आणि त्याच्या दुरुस्तीचा अधिकार तिच्याकडे सर्वांत शेवटी पोहोचतो.